मोडी मोडीत कशी निघाली? छापखाना आणि ‘शिकलेल्या माणसा’ची बदललेली व्याख्या

१/
२०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील जुनी दप्तरे उघडली गेली. कागद मराठीत लिहिलेले होते, ते हाताळणारे कर्मचारीही मराठीच होते. तरी त्यांतील अनेक कागद त्यांना वाचता येईनात, कारण लिपी मोडी होती. मग मोडी जाणणाऱ्यांचा शोध सुरू झाला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गावचा कुलकर्णी जो कागद सहज वाचून दाखवत असे, त्यावर आता एखाद्या कुटुंबाचा दाखला अडून राहिला होता.

२/
एका साक्षर समाजाला आपल्याच पणजोबांचे हस्ताक्षर परके कसे झाले? मोडीवर कोणी एका रात्रीत बंदी घातली नव्हती. बदलले होते ते ज्ञान साठवण्याचे आणि पोचवण्याचे साधन. स्मरण आणि हस्तलेखन यांची जागा छापखान्याने घेतली. त्याबरोबर काय शिकवायचे, कसे शिकवायचे आणि ‘शिकलेला’ कोणाला म्हणायचे, हे सारेच बदलले. हा धागा त्या बदलाविषयी आहे. त्यात नवी दारे उघडल्याची हकिकत आहे, तशीच काही जुनी दारे कायमची बंद झाल्याचीही आहे.

३/
आरंभ पंतोजींच्या शाळेपासून करावा लागतो. ही शाळा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर, देवळात किंवा धर्मशाळेत भरे. मुले धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षरे गिरवीत. धूळ सपाट केली की पाटी कोरी होई. हात बसल्यावर बोरू आणि दौत मिळे, आणि मग कित्त्यावरून अक्षर घोटणे सुरू होई. पंतोजींना शिधा, धान्य आणि थोडेफार पैसे मिळत. वर्ग, इयत्ता, वार्षिक परीक्षा यांपैकी काहीही नव्हते. पुढे गेलेला मुलगा मागच्यांना शिकवी.

४/
या शाळेत पुस्तक नव्हते, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कागद महाग, हस्तलिखित त्याहून महाग. त्यामुळे ज्ञान ठेवण्याची जागा होती मुलाचे डोके. सायंकाळी परवचा म्हटला जाई. पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवाकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ होत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. रुपये-आणे-पै आणि मण-शेर यांच्या व्यवहारात अपूर्णांक पावलोपावली येत. ज्याला हे पाढे येत, तो बाजारात उभ्या उभ्या हिशेब सांगे. त्या काळी शिकलेला माणूस म्हणजे ज्याच्या जिभेवर हिशेब आणि हातात मोडीचे वळण आहे असा माणूस.

५/
मोडी ही कामाच्या घाईतून घडलेली लिपी. लिहिणारा आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेई आणि मग हात शक्य तितका कमी उचलत तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. शब्दांत अंतर सोडण्याची रीत नव्हती. विरामचिन्हे नव्हती. इ आणि ई, उ आणि ऊ यांत सहसा भेद केला जात नसे. पत्रे, हिशेब, सनदा, निवाडे हे सारे मोडीत चाले. धर्मग्रंथ आणि काव्य यांसाठी मात्र बालबोध, म्हणजे देवनागरी, वापरली जाई. एकाच भाषेची ही दोन वळणे आपापली कामे वाटून घेऊन शतकानुशतके शेजारी नांदली.

६/
या व्यवस्थेत कोणाला जागा होती? मुख्यतः लेखणीवर किंवा व्यापारावर उपजीविका करणाऱ्या घरांतील मुलांना. मुलींना शाळेत स्थान नव्हते. अस्पृश्य मानलेल्या जातींना ओसरीची पायरीही बंद होती. वेदपाठशाळेचे दार तर आणखी अरुंद. वेद लिहून ठेवण्यापेक्षा गुरूच्या मुखातून ऐकून पाठ करण्यावर भर असे. जे ज्ञान केवळ कानांवाटे जाते, ते कोणाच्या कानांपर्यंत पोचू द्यायचे हे सांगणारा ठरवतो. मौखिक माध्यमाची ताकद आणि त्याचे कुलूप एकाच ठिकाणी होते.

७/
परंतु मौखिक माध्यमाची दुसरी बाजूही महाराष्ट्राने पाहिली आहे. कीर्तन, भजन आणि वारी यांमुळे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही शेकडो अभंग पाठ असत. जनाबाई आणि चोखामेळा यांची रचना टिकली ती प्रथम लोकांच्या गळ्यात. तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या तरी अभंग लोकांच्या मुखी राहिले, असे परंपरा सांगते. त्या कथेचा चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी तिच्यातून एक गोष्ट कळते: त्या समाजाच्या लेखी ग्रंथ कागदापुरता नव्हता.

८/
हस्तलिखित पोथीची अडचण वेगळी होती. प्रत्येक नकलेत काही अक्षरे निसटत, काही नवी शिरत. पाठ, कंबर आणि मान मोडेपर्यंत वाकून ही पोथी लिहिली आहे, तेलापाण्यापासून आणि मूर्खाच्या हातापासून तिला जपा, अशा अर्थाची विनवणी लेखनिक पोथीच्या शेवटी करीत. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत इतके पाठभेद साचले होते की एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि त्यात कोणी स्वतःची ओवी घालू नये, अशी ताकीद दिली. छापखान्यापूर्वीच्या काळात ‘अधिकृत पाठ’ टिकवणे किती कठीण होते, हे त्या ताकिदीवरून दिसते.

९/
खिळ्यांचा छापखाना मात्र तेव्हा शेजारच्या गोव्यात पोचलेला होता. १५५६ मध्ये ॲबिसिनियाला, म्हणजे इथिओपियाला, निघालेले एक मुद्रणयंत्र गोव्यात उतरले आणि तिथेच राहिले. जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात ते बसवले गेले. भारतातील हा पहिला छापखाना. त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले.

१०/
भाषा मराठी, छंद ओवीचा आणि लिपी मात्र रोमन. हाताशी देवनागरी खिळे नव्हते. म्हणजे मराठी पुस्तकाची लिपी ठरली ती छापखान्यातील खिळ्यांच्या पेटीवरून. पुढे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. सतराव्या शतकात क्रिस्तपुराणाच्या तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या नकलांमुळे. छापले म्हणजे टिकले, ही समजूत इथेच खोटी ठरते. टिकते ते, ज्याची नक्कल करणारी माणसे शिल्लक असतात.

११/
मराठी मुलखात छपाईचे तुरळक प्रयत्न होत राहिले. सुरतेच्या भीमजी पारेख या व्यापाऱ्याच्या विनंतीवरून ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक धाडला, पण देशी लिपीचे खिळे पाडणे त्याला जमले नाही. १८०५ मध्ये मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या अक्षरांतून भगवद्गीता छापली गेली. तंजावरात सरफोजी राजांच्या छापखान्यातून १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने इसापाच्या गोष्टी मराठीत आल्या. पण हे प्रयत्न एकेका दरबारापुरते राहिले. त्यामागे शाळा नव्हती, बाजार नव्हता.

१२/
मराठी छपाईला सातत्य आले ते दूर बंगालात, श्रीरामपूरला. विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथशर्मा यांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले. ते देवनागरीत होते. १८१० चा त्यांचा मराठी कोश मात्र मोडी खिळ्यांत छापलेला आहे. ‘मोडी वळणदार होती म्हणून छापताच येत नव्हती’ असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. मोडीचे खिळे पाडले गेले, त्यांत पुस्तके निघाली. मग मोडी मागे का पडली?

१३/
कारणे अनेक होती आणि ती एकमेकांत गुंतलेली होती. मोडीचे सौंदर्य सलग वळणात आहे. सुटे खिळे जुळवताना ते वळण तुटते आणि लिपीचा मूळ फायदा, म्हणजे वेग, छापखान्यात निरुपयोगी ठरतो. देवनागरी खिळे संस्कृत, हिंदी आणि मराठी या तिन्ही भाषांना चालत, म्हणून ते पाडणे परवडे. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्याने १८१७ पासून मराठी पुस्तिका काढल्या. तिथे बालबोधच रुळली. शिवाय पुस्तके सिद्ध करणारे शास्त्री संस्कृत परंपरेतले होते. ग्रंथ बालबोधीत असतो, ही त्यांची जुनीच सवय होती. शिळाछापावर मोडी सहज छापता येई आणि मोडीचे कित्ते छापले गेलेही. परंतु ‘पुस्तक’ म्हणजे बालबोध, हे समीकरण पक्के झाले.

१४/
१८१८ मध्ये पेशवाई संपली. १८१९ ते १८२७ या काळात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर होते. १८२२ मध्ये बॉम्बे नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी स्थापन झाली. नावातच तिचे वैशिष्ट्य आहे: शाळा आणि शाळेचे पुस्तक यांचा एकत्र विचार. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांनी गणिताची पुस्तके मराठीत आणली. पंतोजींच्या शाळेत शिक्षक हाच अभ्यासक्रम होता. आता अभ्यासक्रम मुंबईत छापला जाऊ लागला आणि शिक्षकाने तो शिकवायचा, अशी रचना उभी राहिली.

१५/
समाजाने छापील कागद लगेच स्वीकारला नाही. शाईत चरबी असते, म्हणून छापील कागदाला शिवणे सोवळ्यात बसत नाही, अशी शंका होती. गोविंद नारायण माडगावकर यांच्या ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथात त्या काळाचे चित्र आढळते. ही अडचण सोडवली ती भंडारी समाजातील गणपत कृष्णाजी यांनी. मिशनच्या छापखान्यात काम शिकून त्यांनी स्वतःचा शिळाछापखाना काढला, चरबीऐवजी तूप घालून शाई केली आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. धर्मग्रंथ छापील रूपात घरोघरी जाण्याचा मार्ग मोकळा झाला तो या युक्तीने.

१६/
पंचांगाची निवड सहज झालेली नव्हती. तिथी, मुहूर्त, ग्रहण हे सारे गावचा जोशी सांगे आणि त्याबद्दल त्याला दक्षिणा मिळे. छापील पंचांग ज्याला वाचता येई, त्याला निदान आजची तिथी विचारायला कोणाच्या दारी जाण्याचे कारण उरले नाही. जोशाचे महत्त्व लगेच संपले नाही, पण त्याच्या हातातला कागद आता इतरांच्याही हाती आला. १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी सिद्ध केलेली ज्ञानेश्वरी शिळाछापावर प्रसिद्ध झाली. एकनाथांना जे ताकीद देऊन साधावे लागले, ते छापखान्याने एकसारख्या प्रती काढून साधले.

१७/
जांभेकर या स्थित्यंतराचे प्रतिनिधी होते. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ काढले. एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारी मराठी, अशी त्याची मांडणी होती. १८४० मध्ये त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले आणि भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान असे विषय मराठी वाचकासमोर ठेवले. शाळा सोडलेल्या प्रौढ माणसाला दर महिन्याला नवे काही शिकता येईल, ही कल्पनाच नवी होती. पुढे भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे आली. आपल्याच समाजाला जाहीरपणे जाब विचारणारा लेखक आणि त्याला कधीही न भेटलेला वाचक, हे नाते नियतकालिकाने घडवले.

१८/
छापील भाषेला एकरूपता हवी असते. जुळाऱ्याला एकच शब्द दहा प्रकारे जुळवायला सांगता येत नाही. १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आला, १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण आले. मेजर थॉमस कॅन्डी सरकारी पाठ्यपुस्तकांची भाषा तपासत. १८५० मध्ये त्यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह ही आज नैसर्गिक वाटणारी चिन्हे मराठीत अशी रुजवली गेली. मोठ्याने वाचणारा आवाजाने थांबत असे. मनात वाचणाऱ्याला थांबण्याची खूण डोळ्यांना दिसावी लागते.

१९/
याच टप्प्यावर ‘शुद्धलेखन’ जन्माला आले. मोडीत लिहिणाऱ्या कारकुनाला ह्रस्व-दीर्घाची चिंता नव्हती, कारण त्याची लिपीच तो भेद करीत नव्हती. त्याचे अक्षर वळणदार किंवा वाईट असू शके, पण ‘पाणि’ की ‘पाणी’ या कारणावरून तो अडाणी ठरत नसे. बालबोध छपाईत वेलांटी पहिली की दुसरी, हे दरवेळी ठरवावेच लागते. ठरवायचे म्हटले की नियम आला, नियम आला की चूक आली आणि चूक आली की गुण कापणारी परीक्षा आली. आज मराठी मुलांना छळणाऱ्या या नियमांचे वय पाहिले तर ते भाषेच्या मानाने फारच लहान आहे.

२०/
नियम कोणाच्या बोलण्यावरून ठरले, हाही प्रश्न आहे. कोश आणि पाठ्यपुस्तके सिद्ध करणारे शास्त्री बहुतांशी पुणे आणि कोकणाकडचे ब्राह्मण होते. त्यांच्या वळणाची मराठी ‘शुद्ध’ ठरली. खानदेश, वऱ्हाड, मराठवाडा इथल्या आणि शेतकरी, कारागीर जातींच्या मराठीला ‘बोली’ हे नाव मिळाले. हस्तलिखितांच्या काळात ही वळणे नव्हती असे नाही, उच्चनीचतेचा भावही होता. परंतु सर्व शाळांत एकच पुस्तक जाऊ लागल्यावर एका वळणाला जी सत्ता मिळाली, ती पूर्वी कोणत्याही वळणाकडे नव्हती. घरी जी भाषा शिकलो, ती शाळेत चूक ठरते, हा अनुभव अनेक पिढ्यांनी घेतला.

२१/
तरीही याच छापील माध्यमाने असा एक आवाज नोंदवून ठेवला, जो पोथीच्या आणि पाठशाळेच्या व्यवस्थेत उमटूच शकला नसता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून पुण्यात मुलींसाठी आणि पुढे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी शाळा काढल्या. त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग समाजातील विद्यार्थिनीने लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात दोन अंकांत छापून आला.

२२/
तिचा युक्तिवाद माध्यमाच्या मुळाशी जाणारा आहे. वेद पाहण्याचा अधिकार फक्त ब्राह्मणांना असेल, तर ते पुस्तक आमचे नव्हे. मग आम्ही ग्रंथावाचूनची माणसे ठरतो आणि आमचा धर्म कोणता ते देवानेच सांगावे, असे ती विचारते. ज्ञान कोणाच्या कानावर पडू द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्याकडे शतकानुशतके होता, त्यांना एका शाळकरी मुलीने छापील पानावरून विचारलेला हा प्रश्न आहे. तो प्रश्न ती वेशीवर उभी राहून विचारती, तर त्याच दिवशी विरून गेला असता. छापला गेला म्हणून आज पावणेदोनशे वर्षांच्या अंतरावरही तिचे म्हणणे जसेच्या तसे वाचता येते.

२३/
ही वाट पुढे रुंदावत गेली. सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. १८७३ मध्ये फुल्यांचे ‘गुलामगिरी’ आले. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढले, १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ आले आणि ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘मूकनायक’ निघाला. वाचता येणारे तेव्हाही थोडेच होते, म्हणून छापील शब्दाला जुन्या माध्यमांची साथ घ्यावी लागली. वर्तमानपत्र चावडीवर मोठ्याने वाचले जाई. सत्यशोधकांनी आपला विचार जलशांतून गावोगाव नेला. नवे माध्यम जुन्याला पुसून टाकत नाही, बराच काळ त्याच्या खांद्यावर बसून प्रवास करते.

२४/
छपाईने मौखिक परंपरेचाही चेहरा बदलला. तुकारामांचे अभंग देहू, तळेगाव, पंढरपूर अशा ठिकठिकाणच्या वह्यांत आणि गायकांच्या मुखी वेगवेगळ्या रूपांत होते. मुंबई सरकारच्या आश्रयाने विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेली गाथा १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत इंदुप्रकाश छापखान्यातून निघाली. अभ्यासकांच्या हाती ताडून पाहिलेला पाठ आला, ही मोठी प्राप्ती होती. त्याबरोबरच ‘हा अभंग गाथेत आहे का?’ हा नवा निकषही आला. जे छापात आले नाही, त्याकडे संशयाने पाहण्याची सवय तेव्हापासूनची.

२५/
मोडीचे काय झाले? ती हळूहळू आटत गेली. मुलगा शाळेत बालबोध पुस्तक वाची आणि वेगळ्या तासाला मोडी घोटी. कचेरीत मोडी होती तोवर त्या तासाला अर्थ होता. १९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारासाठी बालबोधीला प्राधान्य देण्याचे ठरवले. टंकलेखन यंत्र आल्यावर तर कारकुनाच्या वेगवान हाताची किंमतच उतरली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतूनही गेली. तिची उपयुक्तता म्हणजे हाताचा वेग होता, आणि ते काम आता यंत्र करू लागले होते.

२६/
त्याच वेळी काही माणसांना पुढचा धोका दिसला. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे गोळा करीत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. ज्या छापखान्याने मोडी मागे सारली, त्याच छापखान्याच्या साहाय्याने तिच्यातील मजकूर बालबोधीत उतरवला गेला. आज मराठ्यांचा जो इतिहास वाचला जातो, त्याचा मोठा भाग या लिप्यंतरावर उभा आहे.

२७/
परंतु ‘निवडक’ या शब्दाकडे दुर्लक्ष करता येत नाही. निवड त्या काळातील संशोधकांनी त्यांच्या प्रश्नांनुसार केली. लढाया, तह, कारस्थाने, वंशावळी यांना प्राधान्य मिळाले. गावच्या पाटीलकीचे तंटे, बलुतेदारांच्या तक्रारी, बायकांनी दिलेले अर्ज, बाजारभाव, दुष्काळातील सूट असे सामान्य माणसांविषयीचे असंख्य कागद रुमालांत बांधलेलेच राहिले. माध्यम बदलताना जे नव्या माध्यमात उतरत नाही, ते नष्ट झालेले नसते. ते समोर असूनही वाचता येत नाही, एवढेच. परिणाम मात्र बराचसा सारखाच होतो.

२८/
आता आणखी एक स्थित्यंतर सुरू आहे. जून २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडीचा समावेश झाला, म्हणजे ज्या लिपीला छापखान्याने जागा नाकारली तिला संगणकाने दिली. अभिलेखागारांतील कागदांची छायाचित्रे घेतली जात आहेत. पण छायाचित्र म्हणजे वाचन नव्हे. मोडी कागदाची प्रतिमा पडद्यावर आली तरी ती मोडीच राहते. यंत्राला मोडी शिकवायची, तर आधी माणसांनी वाचून सिद्ध केलेला मजकूर त्याला पुरवावा लागतो. म्हणजे पुन्हा गरज लागते ती वाचणाऱ्या माणसाचीच.

२९/
पंतोजींच्या शाळेत शिकलेला माणूस म्हणजे पाठांतर असलेला, कचेरीत शिकलेला माणूस म्हणजे मोडीचा हात असलेला, छापखान्याच्या युगात शिकलेला माणूस म्हणजे शुद्ध बालबोध लिहिणारा. प्रत्येक वेळी नव्या व्याख्येने काहींना पहिल्यांदा आत घेतले आणि काहींना ‘अडाणी’ म्हणून बाहेर ठेवले. औटकी तोंडपाठ असलेला वृद्ध कारकून त्याच्या नातवाच्या शाळेत नापास झाला असता. आणि मुक्ता साळवे हिला आजोबांच्या शाळेत प्रवेशच मिळाला नसता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्यांतली एकच सांगितली, तर माध्यमांचा इतिहास अर्धा राहतो.

३०/
मोडीची अक्षरओळख नेटाने बसले तर काही आठवड्यांत होते, सराईत वाचनाला अधिक काळ लागतो. वर्ग ठिकठिकाणी चालतात. इतिहासाची आवड असलेल्या तरुण पिढीसमोर मराठी समाजाचे असंख्य कागद न वाचलेले पडून आहेत. त्यांत एखाद्या गावाची पाणीवाटणी असेल, एखाद्या विधवेचा वतनासाठीचा अर्ज असेल, एखाद्या कुटुंबाची जुनी नोंद असेल. क्रिस्तपुराण वाचले ते नकला करणाऱ्यांमुळे, ज्ञानेश्वरीचा पाठ टिकला तो प्रती ताडणाऱ्यामुळे. या कागदांनाही तसेच कोणीतरी लागणार आहे.

(धागा समाप्त)